विजासनच्या लेण्यात पाऊस

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, एक संस्कृत शिलालेख आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मेला. त्या दुःखात राजानं सुगताचं, बुद्धाचं, मंदिर उभारलं. मग पुष्कळ काळ लोटला, वास्तू मोडकळीला आली आणि पांडुवंशातल्या भवदेव रणकेसरीनं तिचा जीर्णोद्धार केला. लेख कोरला गेला तो या जीर्णोद्धाराच्या वेळी. मुलगा गमावलेल्या बापाची हकिगत आपल्यापर्यंत पोचली, कारण शेकडो वर्षांनी कुणीतरी त्याचं पडकं मंदिर दुरुस्त करायला घेतलं आणि मूळ बांधणाऱ्याचं नाव आदरानं नोंदवून ठेवलं.

कितीतरी वर्षं हा लेख भांदकचा समजला जायचा. भांदक म्हणजे आमची चंद्रपूर जिल्ह्यातली भद्रावती. पुढे अभ्यासकांचं मत पडलं की तो मुळात छत्तीसगडातल्या आरंगचा आहे. हे वाचलं तेव्हा हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं खरं. पण मी भद्रावती तालुक्यातल्या खेड्यात वाढले, विजासनची लेणी लहानपणापासून पाहत आले आणि माझे बाबा गवंडी होते. त्यामुळे हा लेख आरंगचा असो की भांदकचा, पडक्या विहाराची दुरुस्ती कुणी, कशी आणि कशासाठी करायची, हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही.

विजासन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टेकडी गावापासून जवळच आहे. वालुकाश्मात कोरलेलं लेणं. अजिंठ्यासारखा खांबांचा थाट, मंडप, भोवतीनं खोल्या असं इथे काही नाही. तोंडातून आत शिरलं की समोर एक सरळ बोळ टेकडीच्या पोटात जातो, सुमारे ७० फूट, आणि त्याच्या टोकाला बुद्धमूर्ती. डावी-उजवीकडेही असेच बोळ आणि तिथेही बुद्ध. पुढे पुढे जावं तसा मागचा उजेड कमी होत जातो. मे महिन्यात बाहेर ४६-४७ अंशांचं ऊन आणि आत पाय ठेवला की गारवा. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात हे कोरलं, असं सांगतात. इंग्रज पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात या भागात आला होता, त्यानं या लेण्यांची नोंद केली. चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांगनं वर्णन केलेली दक्षिण कोसलची राजधानी ती हीच, असंही एकोणिसाव्या शतकातल्या काहींना वाटलं होतं. आता बहुतेकांचा कल छत्तीसगडातल्या सिरपूरकडे आहे.

पण आमच्याकडच्या लोकांचं विजासनशी नातं ह्युएन त्सांगामुळे जुळलेलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली आणि दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. माझी आजी चांद्याच्या त्या गर्दीत होती. ती म्हणायची, "आधी आमी तिकडं ढोरं चाराले जात होतो. मंग हात जोडाले जाऊ लागलो." या एका वाक्यात शेकडो वर्षांचा इतिहास आहे. भिक्खू गेले, लेणं ओस पडलं, वटवाघळांनी आणि गुराख्यांनी ते वापरलं. आणि मग एका ऑक्टोबरनंतर आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना कळलं की टेकडीच्या पोटात बसलेला हा आपला आहे.

विहाराचा ऱ्हास केव्हा सुरू होतो? भूकंपानं, पुरानं, हल्ल्यानं विहार पडतात, ते खरंच. पण त्याआधी पुष्कळदा एक साधी गोष्ट घडलेली असते: रोज झाडणारा माणूस निघून गेलेला असतो. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विहाराच्या बांधकामाची आणि डागडुजीची जबाबदारी एका भिक्खूवर सोपवायची पद्धत सांगितली आहे. जुन्या ताम्रपटांत विहारांना गावं दान दिली जात तेव्हा त्या उत्पन्नातून काय काय चालावं तेही लिहिलेलं असे. भिक्खूंची चीवरं, भोजन, आजाऱ्यांची औषधं आणि त्याच यादीत फुटक्या-तुटक्याची दुरुस्ती. दान देणाऱ्याला ठाऊक होतं की आज बांधलेलं उद्या चिरणार आहे. आपण मात्र उद्घाटनाची कोनशिला बसवतो आणि दुरुस्तीसाठी पैसा ठेवत नाही.

पाऊस लागला की विजासनला जावं. उन्हाळ्यात लेणं फक्त दिसतं. ते कसं झिजतं ते पाहायचं तर पाऊसच हवा. टेकडीच्या माथ्यावर पडलेलं पाणी दोन वाटांनी येतं. एक तोंडावरून पागोळ्या होऊन खाली, ती सगळ्यांना दिसते. दुसरी दगडाच्या आतून. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण नैसर्गिक चिकट्यानं धरून ठेवलेले. पाणी त्यांच्यामधून वाट काढतं, येताना क्षार विरघळवून आणतं आणि भिंतीच्या तोंडाशी येऊन सुकतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात. त्यांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि वरचा पापुद्रा आतून ढकलतात. गवंडी याला लोणा म्हणतात. भिंतीला लोणा लागला की हात फिरवल्यावर पांढरी भुकटी येते, मग खपली सुटते आणि खालची नवी बाजू पुढच्या पावसासाठी उघडी पडते. आमच्याकडे चार महिने ओल आणि पुढे ती भाजून काढणारं ऊन. ओलं होणं आणि सुकणं, पुन्हा ओलं होणं आणि सुकणं. याच येरझारीत मूर्तीची बोटं जातात, ओठ जातात, लेखातली अक्षरं जातात.

बाबा सांगायचे, भिंतीला पाणी लागतंय ना, मग भिंतीकडे बघत बसू नको, पाणी कुठून येतं ते बघ. त्यांची ही शिस्त मला आजही पुरते. पुरातत्त्वाची मोठी पुस्तकं वाचली तिथेही पहिली पायरी हीच निघाली. माथ्यावरचं पाणी लेण्याच्या कपाळावर यायच्या आत बाजूला वळवायचं. झाडांची मुळं भेगेत शिरायच्या आत रोप लहान असतानाच काढायचं. तोंडावरच्या दगडाला खालून खाच असेल तर ती मोकळी ठेवायची, म्हणजे पाणी आत न ओघळता तिथूनच तुटून खाली पडतं. यातल्या कशालाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतो तो वेळेवर येणारा माणूस, मृग लागायच्या आधी.

बाबांनी तरुणपणी चुन्याचं काम केलं होतं. त्यांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांना मुद्दाम त्याबद्दल विचारत असे. भट्टीतून आलेला चुना पाण्यात विझवायचा, कितीतरी दिवस भिजत ठेवायचा. गोल चरात बैल फिरवून दगडी चाकाखाली तो वाळू आणि सुरखीबरोबर मळायचा, त्याला चुन्याची घाणी म्हणत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. कुणी त्यात गुळाचं पाणी घाली, कुणी हिरड्याचं, कुणी बेलाच्या गराचं. दरजा, म्हणजे विटा-दगडांमधल्या फटी, भरल्या की दिवसेंदिवस ओल्या पोत्यानं झाकून ठेवायच्या, घाई केली की चुना फुटणार. असा चुना दगडाच्या आणि विटेच्या मानानं मऊ असतो, हेच त्याचं मोल. भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते, भिंत हलली तर आधी तो चिरतो आणि वीट वाचते. दर काही वर्षांनी त्याची दुरुस्ती करावी लागते आणि ती करायची असते.

सिमेंटचं उलट. ते कडक, ते घट्ट. आमच्या शिवारात विटांच्या एका जुन्या विहिरीला कुणीतरी भल्या हेतूनं सिमेंटच्या दरजा भरल्या होत्या. आता तिथे जाऊन पाहिलं तर सिमेंटच्या चौकटी तशाच्या तशा पुढे आलेल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीतली वीट आत आत खोल जात चालली आहे. बोट घातलं तर पेरभर जातं आणि लाल भुकटी नखात भरते. ओलीला दरजेतून वाट मिळाली नाही, ती विटेतून निघाली, सगळा लोणा विटेनं घेतला. बाबांनी ती विहीर पाहिली तेव्हा कितीतरी वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचवली म्हणून मेली."

म्हणून मला जुन्या विहारांच्या बाबतीत 'जोरात काम' हे शब्द ऐकले की भीती वाटते. अजिंठ्याची गोष्ट घ्या. अजिंठ्याला आपण विदर्भाबाहेर मोजतो, पण तिथल्या सोळाव्या लेण्यातला लेख वराहदेवाचा आहे. तो हरिषेण वाकाटकाचा मंत्री आणि हरिषेण वत्सगुल्मचा, म्हणजे आपल्या वाशीमचा राजा. तर त्या अजिंठ्याची चित्रं वाचवायला १९२०च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. सुटत चाललेला रंगाचा थर त्यांनी जागच्या जागी धरून ठेवला, हे त्यांचं काम मोठं होतं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं रोगण दिलं. ते काळाबरोबर पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली. ते काढत राहणं हे पुढच्या रसायनतज्ज्ञांचं कित्येक वर्षांचं काम होऊन बसलं. दोघांच्याही कौशल्यात किंवा सद्‌भावनेत काही उणं नव्हतं. मला यातून एकच नियम दिसतो आणि संवर्धनाची माणसंही तोच सांगतात: असं काही करू नये जे पुढच्याला उलगडता येणार नाही.

मनसरला गेले की हा नियम आणखी टोचतो. रामटेकजवळच्या या गावात १९९०च्या दशकाच्या शेवटी जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीनं उत्खनन सुरू केलं. हिडिंबा टेकडीतून विटांचं भव्य बांधकाम बाहेर आलं. ते बौद्ध आचार्य नागार्जुनाचं महाविहार, असं आमच्यातले पुष्कळ जण मनापासून मानतात. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनानं बांधलेलं प्रवरेश्वराचं शिवालय, असं अनेक अभ्यासक सांगतात. वाद चालावा, पुरावे मांडले जावेत. मला स्वतःला अभ्यासकांचा पुरावा जड वाटतो, आणि तरीही त्या परिसरात बौद्धांचा वावर होता या आठवणीला मी खोटं म्हणणार नाही. पण तिथे उभं राहून विटांकडे पाहिलं की वाद मागे पडतो. दीड हजार वर्षं मातीच्या गोधडीखाली झोपलेल्या विटा आपण उघड्या केल्या. जमिनीखाली ऊन नाही, पाऊस नाही, ओल जवळपास सारखी. उघडं केल्या दिवसापासून त्यांना दर वर्षी पूर्ण पावसाळा आणि पूर्ण उन्हाळा. खणणं हा ज्ञानाचा मार्ग आहे आणि तोच वास्तूच्या जिवावरचा सर्वांत मोठा प्रसंगही आहे. अभ्यास झाल्यावर, मापं, नकाशे, फोटो घेतल्यावर काही भाग पुन्हा मातीनं झाकून टाकणं ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. आपल्याकडे मात्र झाकलं की लोकांना वाटतं, काहीतरी लपवलं. या गैरसमजापायी किती भिंती गेल्या असतील!

आणि मग पाण्याची दुसरी जात, जिच्यापुढे पागोळी काहीच नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला वैनगंगा एका अंगानं आणि उरलेल्या तीन अंगांनी जुना तट आणि खंदक. १९६९-७०मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली सुमारे ४० मीटर व्यासाचा स्तूप निघाला, सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही मोठा. कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प. त्याच वैनगंगेवर, पवनी तालुक्यातच, आज ३३ दारांचं गोसीखुर्द धरण आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, सगळी दारं उघडावी लागली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावं पाण्याखाली गेली. माणसं, गुरं, धान्य यांची काळजी आधी, त्यात दुमत असूच शकत नाही. पण पुराचं पाणी जुन्या मातीच्या तटाच्या पायथ्याशी काय करून जातं, हे पूर ओसरल्यावर पाहायला हवं आणि ते वेळेत पाहायला हवं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनचं दुखणं याहून खोल. पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अशा मुलखात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांच्या चमूला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं गाव आणि विटांचा स्तूप सापडला. आणि ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. इथे लोणा, चुना, दरजा यातलं काहीच उपयोगाचं नाही. धरणाचं पाणी हवं असलेला शेतकरीही माझाच माणूस आहे. त्याच्या मुलीच्या वयाची होते तेव्हा मी हंडे वाहिलेले आहेत, त्याच्याशी मी भांडू शकत नाही. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण झालं तेव्हा नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात १९५४ ते १९६० अशी सलग खोदाई झाली, निवडक विहार आणि स्तूप वीट-वीट करून टेकडीवर आणि काठावर नेऊन पुन्हा उभारले गेले. आज ती टेकडी बेट झाली आहे आणि होडीनं जावं लागतं. हलवलेला स्तूप म्हणजे तोच स्तूप का? मला नाही वाटत. त्याच्याखालची जमीन, त्याच्यासमोरची नदी, भिक्खूंची पायवाट हे सगळं पाण्याखाली राहतं. तरीही त्या खोऱ्यात धरणाआधी सहा वर्षं माणसं खणत, मोजत, लिहीत राहिली, म्हणून तिथले विहार आपल्याला ठाऊक तरी आहेत. बुडणारच असेल तर बुडण्याआधीचा एकेक हंगाम मोलाचा असतो, एवढं मी भोनबद्दल ठामपणे म्हणेन.

विजासनला बुडण्याचं भय नाही. त्याला आहे ते आमच्या प्रेमाचं. बुद्धपौर्णिमेला, अशोका विजयादशमीला माणसं लांबून येतात. मेणबत्त्या, अगरबत्त्या घेऊन येतात. बंद बोळात धूर जायला वाट नसते. काजळी तेलकट असते, ती ओल्या दगडावर बसली की त्याची छिद्रं बुजतात. मेण ओघळून कोरीव कडेत गोठतं आणि ते खरवडायला गेलं की दगडाचे कण बरोबर येतात. पाया पडताना मूर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवणारे सगळेच असतात, मीही लहानपणी ठेवलेला आहे. हाताचा घाम, हार, कुंकू नसलं तरी फुलांचा ओलावा. गुराख्यांच्या काळात हे लेणं दुर्लक्षानं झिजलं, आता गर्दीनं झिजू नये.

मागच्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या गावच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर मी हा विषय काढला. संरक्षित स्मारकाला आपण परस्पर हात लावायचा नसतो, आणि तो नियम बरोबरच आहे. आपली थापी, आपला रंग, आपली फरशी तिथे नकोच. पण बघणं आपल्या हातात आहे. सातवी-आठवीतल्या पोरांनी एक वही केली आहे. ठरलेल्या जागी उभं राहून, दगडाला न टेकवता फूटपट्टी चौकटीत धरून, त्याच भेगेचा, त्याच ओल्या डागाचा फोटो काढायचा आणि तारीख, पाऊस, कुठून थेंब पडतो ते लिहायचं. भेग वाढते आहे की जुनी आहे, हे एका फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी असतील तर जाणत्या माणसाला पुष्कळ कळतं. त्यांच्यातली एक मुलगी थेंबाची जागा दाखवायला स्वतः चित्र काढते, फोटोवर तिचा भरवसा नाही. तिच्या चित्रात बोळाच्या छताला बाण आहेत आणि प्रत्येक बाणाला नंबर. बाबा असते तर त्यांनी तिला ओळंबा धरायला शिकवला असता.

दिव्यांचा प्रश्न महिला मंडळात निघाला. दिवे आणि मेणबत्त्या बाहेर, मोकळ्या जागेत लावायच्या आणि आत नुसतं बसायचं, यावर बहुतेकींचं एकमत झालं. आमच्या मोठ्या मावशीचं मात्र झालं नाही. तिचं वय झालेलं, गुडघे दुखतात, तरी ती दर पौर्णिमेला बोळाच्या टोकापर्यंत जाते. मी तिला काजळीचं, मेणाचं, दगडाच्या छिद्रांचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं बाई, दिवा बाहेर लावीन. अगरबत्तीबी नाही नेत. पण आत अंधार पडते, मले त्याचं तोंड दिसत नाही. त्याचं काय करतेस ते सांग."

धूर न करता, दगड न तापवता, तारा न ठोकता त्या बोळात तेवढा उजेड कसा आणता येईल, हे विचारणारं पत्र आम्ही पुरातत्त्व विभागासाठी लिहायला घेतलं आहे. मृगाच्या आत ते पाठवायचं आहे, सोबत पोरांच्या वहीची झेरॉक्स जोडून.